अंगठ्याची लाज

मित्रांनो, फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी सॉना आहे, म्हणजे वाफेचे न्हाणीघर. त्याच्या खिडकीत पडलेला जुना नेलकटर तो मीच. पोलादाच्या पट्टीतून माझा जन्म झाला. ऐली नावाच्या बाईंनी मला बाजारातून आणले. दर शनिवारी सॉना आटोपला की त्या आपल्या नवऱ्याचा, ताइस्तोचा, पाय मांडीवर घेत. वाफेने नखे मऊ झालेली असत. मी सरळ रेषेत चाले. "पातं काय सुरेख आहे हो याचं!" असे त्या म्हणत, आणि मला धन्य वाटे.

पुढे ऐली वारल्या. तोवर ताइस्तोची पाठ आखडली होती. त्याचा हात कसाबसा पायापर्यंत पोचे. श्वास रोखून, चाचपडत तो मला चालवी. पुन्हा लवकर वाकावे लागू नये म्हणून नखे पार मुळापर्यंत कापी आणि कोपरेही खोलवर गोल करी. माझ्या पात्याला मांस लागे, तेव्हा मला शरमेने बोथट होऊन जावेसे वाटे. व्हायचे तेच झाले. वाढते नख अंगठ्याच्या मांसात घुसले. अंगठा सुजला, त्यात पू झाला.

ओन्नी हा ताइस्तोचा जुना मित्र. शनिवारचा सॉना दोघे मिळून, तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळे कपडे काढून, घेत. आता ताइस्तो दर वेळी नवी सबब सांगू लागला. कधी सर्दी, कधी सॉना तापवायची लाकडे ओली. शेवटी ओन्नी सॉनाच्या दारातच चिडला.

"सरळ सांग ना, माझा कंटाळा आलाय म्हणून! परत येणार नाही मी."

ताइस्तो मान खाली घालून उभा राहिला. ओन्नी पायऱ्या उतरू लागला तसा तो त्याला थांबवायला धावला, पण दुखरा पाय उंबऱ्यावर आपटला आणि कळवळून तो खालीच बसला. ओन्नीने येऊन त्याचा बूट ओढून काढला. मोजा अंगठ्याला चिकटला होता. ताइस्तोने घाईने त्यावर टॉवेल टाकला.

"बघू नकोस रे. घाण आहे."

"गाढवा! चाळीस वर्षं तुला नागडा बघतोय, आणि लाज कसली, तर अंगठ्याची?"

"अंगठ्याची नाही," ताइस्तो म्हणाला. "माझा हात माझ्याच पायाला पुरत नाही, ओन्नी. लहान पोरासारखं झालंय."

ओन्नीने त्याला हात देऊन उठवले. तो त्याला दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या नर्सबाईंनी रुतलेला तुकडा काढला आणि बजावले, "आजोबा, नख सरळ आडवं कापायचं. कोपरे कोरायचे नाहीत, फार आखूडही करायचं नाही. बूट पुढून सैल हवा. आणि हात पुरत नसेल तर सांगायचं कुणाला तरी."

जखम भरल्यावर एका शनिवारी ओन्नीने चष्मा चढवला आणि मला हातात घेतले. ताइस्तोने तोंड भिंतीकडे फिरवले. त्याचे कान लालबुंद झाले होते, पण त्याने पाय मागे घेतला नाही. अजूनही प्रत्येक वेळी तो असाच भिंतीकडे बघतो.

मित्रांनो, आपली नखे सरळ कापा. आणि घरातले एखादे म्हातारे माणूस मोजे काढायचे टाळत असेल, तर हसू नका, रागावू नका. घमेल्यात कोमट पाणी घ्या आणि त्याच्यासमोर खाली बसा.