आधी काय उचललं?

मी आमच्यांना आधीच बजावलं होतं, "अहो, लोकांची झाकली मूठ उघडायला जाऊ नका." ऐकतील तर शपथ!

दक्षिण कोरियातल्या तोंगयंगच्या बंदरावर आमचा फोटो स्टुडिओ. गावातल्या मुलांचे पहिले वाढदिवस आमच्याच डोळ्यांसमोर झालेले. चौरंगावर दोरा, पेन्सिल, नोटा, तांदूळ मांडायचे; मूल पहिल्यांदा जे उचलेल ते त्याचं नशीब. दोरा म्हणजे दीर्घायुष्य, पेन्सिल म्हणजे विद्या. पण मुलांना कुठे कळतंय? कोणी तांदळाचा केक तोंडात कोंबतं, कोणी चौरंगच उलथवतं. मग आई ओरडणार, "हा नको, पुन्हा काढा!" हातात हवं ते देऊन काढलेला फोटो भिंतीवर लागतो आणि जन्मभर त्याचीच गोष्ट सांगितली जाते.

आमच्यांनी नेमके ते नाकारलेले पहिले फोटो मासळीच्या जुन्या गोदामात मांडायचं ठरवलं. घरोघर विचारून आले. नूडल्सचं दुकान चालवणारी ओकबुन तर म्हणाली, "लावा की भाऊजी! माझी दासोम पहिल्यापासून हुशार. पहिलाच हात पेन्सिलीवर!" बिचारी खरंच विसरली होती. फोटो बघून मी आमच्यांना म्हटलं, हा तेवढा नका लावू.

कारण त्या पेन्सिलीपायी दासोमची तारुण्याची वर्षं सोलमध्ये खोलीत कोंडून गेली होती. सरकारी नोकरीची परीक्षा, दरवर्षी नापास. पोरीला आईचं दुकान चालवायचं होतं, पण बोलायची सोय नव्हती. तोंड उघडलं की ओकबुन म्हणणार, "पेन्सिल उचलली होतीस ना? मग?"

पहिल्याच दिवशी गोदाम गच्च भरलं. बँकेचे मॅनेजर स्वतःच्या फोटोपुढे लाल होऊन उभे होते. त्यांची चिमुरडी टाळ्या पिटत होती, "बाबांनी नोटा नाही, केक उचलला!" लोक पोट धरून हसत होते. तेवढ्यात ओकबुन आली, तशीच एप्रनवर. मागे दासोम, पाठीवर सोलला न्यायची बॅग. संध्याकाळची बस होती.

फोटोत चौरंगाकडे बाळाची पाठ होती. दोन्ही मुठींत आईच्या रेशमी झग्याची नाडी गच्च धरलेली, आणि आई तोंडभर हसतेय. ओकबुन अशी हसायची, हे मीही विसरले होते.

"हे काय? पेन्सिल कुठाय?" ओकबुन कडाडली.

"ती नंतर. तूच दिलीस हातात," आमचे म्हणाले.

दासोम फोटोवरची नजर न काढता म्हणाली, "आई, मला नाही जायचं. मला तुझ्यापाशी दुकानात राहू दे."

"दुकानात? बघ माझे हात! जन्मभर पोळून घ्यायचेत असे?"

"तुझे पोळलेले चालतात होय?"

मी म्हटलं, आता इथे महाभारत होणार. पण मॅनेजरच्या चिमुरडीला काय त्याचं! तिने ओकबुनचा एप्रन ओढला आणि फोटोखालच्या पाटीवर बोट ठेवलं. "आजी, इथे लिहिलंय, गोष्ट तुम्ही सांगा. या बाळाची सांगा ना."

पोराला नाही कसं म्हणायचं? ओकबुन खाली बसली. "एक होती कार्टी. तिच्यापुढे सगळं मांडलं, पण तिला काहीच नको. तिने आईलाच धरलं. आई म्हणाली, सोड. ती सोडेना. मग आईने तिची बोटं... एकेक करून..." माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

"मग?"

"मग काय!" ओकबुनने पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला, उठली, दासोमच्या पाठीवरची बॅग उतरवली आणि तो एप्रन तिला घातला. "पहाटे नूडल्सच्या रश्श्याला सुक्या मांदेलीचं पाणी उकळायला ठेवायचंय. मी उठवायला येणार नाही, सांगून ठेवते."

"आणि पेन्सिल?" चिमुरडीने विचारलं.

"खोचेल की कानावर, गिऱ्हाइकांनी काय मागवलं ते लिहायला!"

दासोम रडत होती की हसत होती, देव जाणे. ओकबुनने मागे जाऊन एप्रनची गाठ अशी करकचून मारली की पोर ओरडली, "आई गं, थोडी सोड!"

"सोडवली होती एकदा," ओकबुन म्हणाली. "आता नाही सोडायची."