फडताळाची मूठ

"ओढा, ओढा, अजून ओढा! मूठ हाये ते जानराव, तुमच्या रेल्वेचा खटका नोहे," युसूफमियां गल्ल्यावरून ओरडले आणि दुकानात उभी असलेली गिऱ्हाइके हसली.

जानराव मात्र हसला नाही. जऊळका स्टेशनावर सांधेवाल्याची नोकरी करणारा हा तिशीतला मनुष्य वाशीमच्या त्या दुकानात एका गुडघ्याखाली लाकडी फळी दाबून बसला होता आणि तिच्यावर नमुन्यादाखल बसविलेली पितळी मूठ दोन्ही हातांनी उपटू पाहत होता. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. अगोदर दाखविलेल्या दोन मुठी, एक शिसवी व एक पत्र्याची, त्याने अशाच रीतीने निखळवून युसूफमियांच्या पुढ्यात ठेवल्या होत्या.

"हे निघन का?" त्याने धापा टाकीत विचारले.

"हे नाई निघाची. इचा पेच फळीच्या आरपार जाते अन् मांगून चाकी लागते. तुमचं कपाट फाटन, पण मूठ जाग्यावर राहीन."

"फाटलं त फाटू द्या. मूठ हाती याले नाई पायजे."

"या अल्ला! असं ठेवलं तरी काय बावा त्या कपाटात? हैदराबादचा खजिना?"

"डाळीचे डबे," जानराव म्हणाला. "अन् एक आरसा."

पुन्हा हशा पिकला. परंतु युसूफमियांची दृष्टी जानरावाच्या चेहऱ्यावर गेली आणि त्यांचे स्वतःचे हसू तेथेच थांबले. त्यांनी काही न विचारता पितळी मूठ कागदात बांधली. मग काचेच्या कपाटातून चिनी मातीची, निळे फूल काढलेली एक पांढरी मूठही काढली आणि तिच्याशेजारी ठेवली.

"दोन्ही घेऊन जा. घरी दाखवा. आवडन ते ठेवा, दुसरी वापस करा. वापराची चीज बाईच्या पसंतीनं घ्यावं."

त्या फडताळाची हकीकत अशी होती. बाळंतपणाच्या वेळी घरात काहीही बंद ठेवू नये, असा जानरावाच्या कुळात जुना रिवाज होता. स्त्रीला कळा सुरू झाल्या की घरातील वडील बाई कुलुपे काढी, डब्यांची झाकणे उचलून बाजूस ठेवी, धान्याच्या पोत्यांची तोंडे सोडी आणि बाळंतिणीची वेणी मोकळी करी. घर मोकळे झाले म्हणजे कूस मोकळी होते, ही त्यामागची श्रद्धा. जानरावाची पत्नी गोजराबाई मागल्या खेपेस भाद्रपदात अडली, तेव्हा त्याच्या आईने, सोजरबाईने, हे सर्व यथासांग केले. राहिले ते मधल्या घराच्या भिंतीतील फडताळ. पावसाळी हवेने त्याचे दार फुगून चौकटीत आवळले होते. सोजरबाईने हिसका दिला, तशी लाकडी मूठ समूळ तिच्या हातात आली आणि दार जागचे हलले नाही. थोड्याच वेळाने मूल झाले. ते रडले नाही.

तेव्हापासून त्या मृत्यूचा सारा दोष त्या मुठीकडे होता. सोजरबाई येणाऱ्याजाणाऱ्यास फडताळाच्या दारातील रिकामे भोक दाखवी आणि डोळ्यांस पदर लावी.

यंदा गोजराबाईस पुन्हा दिवस राहिले. तेव्हा इंझोरीहून सोजरबाईचे वडील बंधू दौलतराव मुद्दाम आले आणि ओसरीत बसून, आत ऐकू जाईल अशा बेताने बोलले.

"एक डाव मूठ म्हणलं, आमी ऐकून घेतलं. दुसऱ्या डावाले काय म्हणसान सोजरे? आमच्या गावात एक पोरगी पाह्यून ठेवली म्या. या वक्ती बी असंच झालं, त हिले धनजले माहेरी पोचवून दे अन् पोराचं दुसरं करून टाक. वंश कायले बुडवतं?"

सोजरबाई सुपारी कातरीत होती. तिने हो म्हटले नाही. परंतु तिने नाही असेही म्हटले नाही. आतल्या घरात जात्याचा आवाज क्षणमात्र थांबला आणि मग पूर्वीपेक्षाही वेगाने सुरू झाला.

दुसऱ्याच आठवड्यात जानराव रजा काढून वाशीमला गेला होता, त्याचे कारण हे असे होते.

तो परत आला तेव्हा गोजराबाई चुलीपुढे बसली होती. त्याने कागद सोडून दोन्ही मुठी तिच्यासमोर पाटावर मांडल्या. तिने प्रथम पांढरी मूठ उचलली, तिच्यावरील निळ्या फुलावरून बोट फिरविले आणि हळूच ती आपल्या गालाला लावली.

"माय गं! कशी थंडगार हाये."

"ठेवाची का मंग हे?"

तिने ती चुलीच्या उजेडात फिरवून पाहिली.

"हे फुटन नं?"

"जोरानं ओढली त फुटन."

तिने ती मूठ पुन्हा कागदात गुंडाळली, अगदी जशी आली होती तशी, आणि पितळी मूठ त्याच्याकडे सरकवली.

"हे बसवा. अन् ते पांढरी उद्याच वापस करा. घरात राह्यली त जीव लागन."

जानरावाने त्या कामासाठी आपल्या सुटीचा दिवस खर्ची घातला. त्याने दार उतरवून त्याच्या कडा रंधून घेतल्या, बिजागऱ्यांना तेल दिले, आरपार छिद्र पाडून पेच ओवला आणि आतल्या अंगाने चाकी आवळली. एवढ्यानेही त्याचे समाधान होईना. रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या मनुष्यास चाकी कालांतराने सैल होते हे ठाऊक असते. म्हणून त्याने पेचाचे पुढे आलेले टोक हातोडीने ठोकून चाकीवर पसरट करून टाकले. आता ती चाकी कोणत्याही पान्याने फिरणे शक्य नव्हते.

सोजरबाईने एका बोटाने दार ओढून पाहिले.

"बाप्पा! लोण्यासारखं उघडते हो हे."

"मंग आत्याबाई, आता तुमी रोज डाळ काढाले येसान," गोजराबाई म्हणाली, आणि सासू-सून दोघीही हसल्या. त्या घरात असे हसणे फार दिवसांनी झाले होते. पुढे कित्येक दिवस जानराव ड्यूटीवरून आला की हातपाय धुण्यापूर्वी ते दार एकदा उघडून लावून पाही.

पौष महिन्यातील एका स्वच्छ दुपारी गोजराबाईला कळा सुरू झाल्या. हवा कोरडी होती. सुईण वेळेवर आली. सोजरबाई सुनेच्या उशाशी बसली आणि तिने आतूनच मुलाला हाक मारली.

"जानू, घर तू उघड रे बापू. हिनं माह्या हात धरून ठेवला, मले हालता येत नाई."

जानरावाने घर उघडले. एरवी स्त्रियांकडे असलेले ते काम त्याने पूजेच्या भावनेने केले. पेटीचे कुलूप काढले. ज्वारीच्या पोत्यांची सुतळी सोडली. मिठाच्या बरणीवरील फडके, तेलाच्या बुधलीचे बूच, कंदिलाची काच, जे जे म्हणून झाकलेले वा बांधलेले होते ते ते मोकळे केले. आपल्या अंगातील रेल्वेच्या कोटाची पितळी बटणेदेखील त्याने सोडली. सर्वांच्या शेवटी तो फडताळापाशी आला. त्याने मूठ धरली आणि नुसते मनगट वळविले. दार आवाज न करता, अंगणातील ऊन आत येते तसे, पूर्ण उघडले. डाळीचे डबे आणि आरसा समोर दिसू लागले.

तो उंबऱ्याशी टेकून बसला. त्या वेळी त्याच्या मनात यत्किंचितही शंका उरली नव्हती.

आतून कण्हण्याचा आवाज येत होता. मग सुईणीचा चढलेला आवाज आला. मग तोही थांबला. त्यानंतर ओल्या पाठीवर तळहात मारल्याचा एक बारीक फटका ऐकू आला, पुन्हा एक, पुन्हा एक, आणि त्यानंतर काहीच ऐकू आले नाही. जानराव कानात प्राण आणून बसला होता. ज्या रडण्याची तो वाट पाहत होता, ते आले नाही.

"जानू," बऱ्याच वेळाने सोजरबाईचा आवाज आला. तो इतका कोरडा होता की त्याला ओळखू आला नाही. "जानू रे, सारं उघडलं होतं नं?"

त्याने सभोवार पाहिले. सारे उघडे होते. घरात गाठ म्हणून उरली नव्हती. मागल्या खेपेस दोषाला बसावयास एक जागा होती, आणि तो तेथे बसला म्हणून सून या घरात राहिली होती. आज त्याला कोठेही जागा नव्हती. दोष आता उठेल, आत जाईल आणि बाजेवर पडलेल्या त्या बाईच्या अंगावर बसेल, हे जानरावास डोळ्यांपुढे घडल्यासारखे स्वच्छ दिसले.

जानराव उठला. तळहाताने त्याने फडताळाचे दार लोटून बंद केले.

"नाई, आई," तो म्हणाला. "फडताळ नाई उघडलं. मूठ हाती आली."

आत सोजरबाईने टाहो फोडला.

"आग लागो त्या मुठीले! मुडदा बसो त्या इकणाऱ्याचा! माह्या घराले दोनदा गिळलं रे तिनं!"

युसूफमियांच्या नावाने उच्चारलेला तो एकेक शब्द जानरावाने मान खाली घालून आपल्या अंगावर घेतला. त्यानंतर सोजरबाईचा आवाज एकाएकी मऊ झाला.

"नोको रडू माय माही. तुह्यं काय चुकलं? तू त नऊ महिने वागवलं. घरानंच घात केला. इकडं ये, माह्या मांडीवर डोकं ठेव."

दाराच्या फटीतून जानरावाने पाहिले. आईने सुनेचे डोके मांडीवर घेतले होते आणि ती तिचे घामाने चिकटलेले केस कपाळावरून मागे सारीत होती.

त्याने घोंगडी आणून फडताळावर टाकली आणि ते झाकून टाकले. सोजरबाईस ते योग्यच वाटले, कारण त्या दाराकडे पाहण्याची तिचीही इच्छा नव्हती. मग सुईणीने आणून दिलेले गाठोडे घेऊन तो नाल्यापलीकडे गेला. आत मुलगा होता की मुलगी, हे त्याने विचारले नाही आणि कापड बाजूला सारून पाहिलेही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंझोरीहून निरोप आला. दौलतराव आज येत होते. निरोप्याने त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "मामा म्हणे, नवी मूठ निघते कशी ते मले माह्या डोयानं पाहू द्या. मंग पुढचं बोलू."

सोजरबाई धुणे घेऊन नाल्यावर गेली. ती दृष्टीआड होताच जानरावाने घोंगडी काढली. मूठ आपल्या जागी लखलखीत बसलेली होती. त्याने पाना लावला. चाकी फिरली नाही, कारण ती फिरू नये याची तजवीज त्याच्याच हातांनी केलेली होती. तेव्हा मुठीची मान मोडण्यावाचून उपाय राहिला नाही. त्याने हातोडीचा एक घाव घातला. तो घाव देवळातील घंटेसारखा साऱ्या घरभर घुमला आणि दार चौकटीवर आपटले. शेजारच्या अंगणात कोणीतरी "काय हो ते?" म्हणून विचारले. जानराव हातोडी हातात धरून तसाच उभा राहिला. दुसरा घाव घालण्याचे त्याला धैर्य होईना.

मागे चाहूल लागली. गोजराबाई बाळंतिणीच्या खोलीच्या उंबरठ्यावर उभी होती. विटाळाचे दहा दिवस तिने तो उंबरठा ओलांडावयाचा नव्हता. भिंतीचा आधार घेत तिने तो ओलांडला.

"अगं, तू कायले उठली? जाय, नीज."

"सारंच उघडं होतं नं?" तिने विचारले.

जानरावाने तिच्याकडे पाहिले नाही.

"बाजेवरून दिसे मले थोडंसं," ती म्हणाली. "खरं सांगा. हे बी उघडलं होतं?"

"हो," तो म्हणाला. "लय चांगलं उघडलं होतं."

तिने नुसती मान हलविली. तिच्या चोळीवर दुधाचे दोन ओले डाग पसरलेले होते. ती पुढे आली, आपला पदर तिने त्या मुठीभोवती घट्ट गुंडाळला, आणि दार हलू नये म्हणून त्याला आपला खांदा लावून उभी राहिली.

"आता ठोका," ती म्हणाली. "जोरानं ठोका. आत्याबाई येतीन."

त्याने ठोकले. आता आवाज झाला नाही. प्रत्येक घावासरशी तिचा खांदा हादरत होता, तथापि तिने तो काढला नाही. अखेर पितळेची मान मोडली. मूठ तिच्या पदरातच राहिली. तिने पदर सोडवून ती त्याच्या हातावर ठेवली.

त्यानंतर ती खाली वाकली. भुई त्याच दिवशी सकाळी सारवलेली असून अद्याप ओली होती, आणि खोलीच्या उंबरठ्यापासून फडताळापर्यंत तिची पावले उमटली होती. ती उकिडवी बसली आणि मागे मागे सरत, एकेक पाऊल तळहाताने पुसत, आतल्या खोलीत गेली.