कपाटामागची भिंत

व्हिडिओ गेममधल्या खोल्यांना उजेड देणं हा माझा धंदा. नऊ वर्षं मी तो खोटाच देत आलो. जिथे अंधार वाटेल तिथे कुणाला न दिसणारा दिवा लपवायचा, की झालं. याच्या हाताला जादू आहे, असं लोक म्हणायचे. मीही फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू!

मग आमच्या प्रोग्रामरबाईंनी पाथ ट्रेसिंग आणलं. किरण खिडकीतून येतो, भिंतीवरून टेबलावर, टेबलावरून चेहऱ्यावर उसळतो, आणि हा सगळा प्रवास खेळता खेळता त्याच क्षणी मोजला जातो. लपवलेले दिवे काढा, असा हुकूम सुटला. मी नुसता चरफडलो.

पहिल्या चाचणीला मी गेममधल्या शिवणकाम करणाऱ्या आईची खोली दिली. ती आमच्या घरातलीच खोली, टेपनं मोजून उभी केलेली. खिडकीलगतच्या कोपऱ्यात मशीन, खिडकीसमोरच्या भिंतीला कपाट. माझ्या आईनं दोन वर्षांपूर्वी डोळ्यांपायी शिवण सोडलं होतं. गेममध्ये तरी मशीन चालू राहू दे, एवढीच माझी इच्छा.

दिवे काढले आणि भर दुपारी मशीनवर काळोख.

"तुमचं गणित चुकतंय," मी म्हणालो.

"मापं, रंग बरोबर आहेत?" बाईंनी विचारलं.

"तंतोतंत."

"मग गणितही बरोबर आहे. ते कपाट हलवून बघ."

कपाट हलवलं. मागची पांढरी भिंत उघडी पडली, तिच्यावरून उजेड उसळला आणि थेट मशीनच्या सुईवर आला. बाई खूश झाल्या. मी मात्र कपाट परत जागेवर ठेवलं, पुन्हा हलवलं.

ते गडद तपकिरी, छताला टेकणारं कपाट तीन वर्षांपूर्वी बढती मिळाल्यावर मीच हौसेनं आणलं होतं. त्यानंतरच आईला सुईत दोरा ओवता येईना. दिवा लावला तर हाताची सावली सुईवर पडे. गेममधल्या आईसाठी मी त्या कोपऱ्यात तीन दिवे लपवले होते. घरातल्या आईचा दोनदा चष्मा बदलला आणि सांगितलं, "वय झालं तुझं, आता पुरे कर."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेलो. कपाट रिकामं केलं आणि दाराकडे ढकललं.

"अरे, हे काय चालवलंयस?" आई म्हणाली.

"मशीनवर बस बरं, आई."

तिनं मशीनवरची चादर काढली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं आणि एका झटक्यात ओवलं. चष्मा स्वयंपाकघरातच राहिला होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"कपाट आलं त्याच दिवशी कळलं होतं," ती सुईकडेच बघत म्हणाली. "पण तू केवढ्या आनंदात होतास रे तेव्हा."