सातवे लाल बटण

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात बिस्किटे होती आणि झाकणावर त्यांचे चित्र. बिस्किटे चार दिवसांत फस्त झाली. मग घरच्या आईने मला धुऊन शिलाई मशीनशेजारी ठेवले आणि बटणांनी भरले. पाहुण्यांची पोरे चित्र पाहून हावरटासारखे झाकण उघडत आणि तोंड वाकडे करत. मला त्याची भारी गंमत वाटे.

त्या आईची लेक पुढे रसायनशास्त्र शिकवू लागली. तिने मला शाळेत नेले आणि मी चक्क अणूचे केंद्रक झालो! लाल बटणे म्हणजे प्रोटॉन, पांढरी म्हणजे न्यूट्रॉन.

"लाल तेवढी मोजायची. तोच अणुअंक," बाई सांगत. "सहा असतील तर कार्बन. पांढरी कमीजास्त केलीत तर वजन बदलेल, नाव नाही. पण लाल एक जरी वाढलं, तर ते मूलद्रव्यच दुसरं."

मुले माझ्यात हात घालून मोजत. एकदा त्या ओढाताणीत मी टेबलावरून पडलो. तळाची कड चेपून तिथे खाच झाली. त्या खाचेकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

बाईंची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ती कायम करायची की नाही हे ठरवायला एके दिवशी मुख्याध्यापिका तास बघायला आल्या. मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. बाईंनी सर्वांसमोर मला रिकामे करून सहा लाल आणि थोडी पांढरी बटणे माझ्यात टाकली, झाकण लावून मला खळखळ हलवले आणि फळ्यावर 'कार्बन' लिहिले. मोजायला बोलावले एका मुखदुर्बळ मुलीला.

तिने मोजले. पुन्हा मोजले.

"लाल सात आहेत, बाई."

"बाईंनी सहाच टाकली, आम्ही बघितलं ना," मागून कोणीतरी म्हणाले. वर्गात खसखस पिकली.

मुलगी हळूच म्हणाली, "टाकली असतील सहा. पण आत सात आहेत."

आधीच्या तासाचे एक लाल बटण माझ्या खाचेत अडकले होते. हलवताच ते सुटले होते. माझ्यामुळे बाईंची नोकरी जाणार, असेच मला वाटले.

बाईंनी स्वतः मोठ्याने मोजले. सातच भरली. त्यांनी 'कार्बन' तळहाताने पुसला आणि 'नायट्रोजन' लिहिले.

"मी काय म्हणाले, फळ्यावर काय लिहिलं, त्याला अर्थ नाही. आत किती आहेत, त्यावर नाव ठरतं. हे हिने बघितलं, मी नाही बघितलं."

तास संपल्यावर मुख्याध्यापिका वही मिटून पुढे आल्या. "वेळापत्रकात तुमचं नाव आजवर पेन्सिलीने लिहीत होते. आता शाईने लिहिते."

बाई हसल्या, मग त्यांचे डोळे भरले. मधल्या सुट्टीत त्या मुलीने आत बोट फिरवून माझी खाच शोधली आणि चमच्याच्या दांड्याने ठोकून सरळ केली. आता मी अगदी सुखात आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपटू नका, त्यांची मोडतोड वेळीच पाहा. आणि एखादे अबोल पोर सगळ्यांपेक्षा वेगळा आकडा सांगू लागले, तर त्याला हसू नका. आधी झाकण उघडून मोजा.