अकरा ग्रॅम तेल

मी बोलतो, पण माझी एक अट असते. आधी माझ्यावर काहीतरी ठेवावं लागतं. काही ठेवलं नाही तर मी शून्य दाखवून गप्प बसतो आणि तीन मिनिटं तशीच गेली की डोळे मिटून घेतो. आज मात्र कोणी काही न ठेवताच बोलतोय. बरेच दिवस कोणी काही विचारलेलंच नाही, म्हणून.

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा. चपटा, वहीएवढा, वर काचेचा पाट आणि पुढे आकड्यांची छोटी पाटी. बटणं दोन. एक मला जागं करतं, दुसरं शून्य करतं. शून्याचं बटण दाबलं की माझ्यावर आधी जे असेल ते मी विसरतो आणि त्यानंतर जे पडेल तेवढंच सांगतो. ग्रॅमचा दहावा हिस्साही माझ्या नजरेतून सुटत नाही. त्याचा थोडा गर्व आहे मला, असू दे. या घरातला मिक्सर नुसता ओरडतो आणि भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं. खरं बोलणारा मी एकटाच.

कारखान्यात एका बाईने माझ्यावर अर्ध्या किलोचं वजन ठेवलं. मी अचूक सांगितलं. तिने माझ्या पोटाला चिकटपट्टी लावली आणि पुढच्याला घेतलं. जन्माच्या वेळी झालेलं कौतुक तेवढंच.

माझी पहिली मालकीण म्हणजे मावशी. माझी नव्हे, ठमीची; ठमी पुढे येईलच. तिने घरी केक करून विकायचं मनावर घेतलं होतं. दोन वर्षं मी मैदा, लोणी आणि साखर मोजली. साखर तर इतकी की माझ्या बटणांच्या फटीत ती कायमची जाऊन बसली. मग मावशीला नोकरी लागली, केक बंद झाले आणि मी फ्रिजवर चढलो. तिथे वर्षभर धूळ खाल्ली. माझ्यावर कोणीतरी विजेची बिलं ठेवायचं. त्यांचंही वजन मी मनातल्या मनात करायचो.

एके दिवशी मावशीची धाकटी बहीण, म्हणजे ठमीची आई, दारात उभी राहिली. “ताई, तुझा तो काटा आहे ना? दशांशात दाखवणारा?”

“आहे की. कशाला गं? केक करणार आहेस?”

आई हसली नाही. “ठमीसाठी हवाय,” म्हणाली.

ठमी तेव्हा सहा वर्षांची होती. खरं नाव काहीतरी भारदस्त आहे, ते मी फक्त औषधांच्या चिठ्ठ्यांवर पाहिलंय. तिला गिळता येत नाही, म्हणून पोटाला छोटं झाकण बसवलेलं आहे आणि त्याला नळी जोडून तिला जेवण देतात. बोलता येत नाही, बसायला आधाराची खुर्ची लागते. आणि तिला झटके यायचे. दिवसाला वीस, कधी पंचवीस. पाच औषधं करून झाली होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता आहार बदलून बघू. अंगाला साखरेऐवजी चरबीवर चालायची सवय लावायची. त्याने रक्तात कीटोन नावाचं काहीतरी वाढतं आणि काही मुलांचे झटके कमी होतात. तीन महिने करून बघायचं. फरक पडला नाही तर थांबवायचं.

“काही मुलांचे,” आई मावशीला सांगत होती. “मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘काही’च म्हणाले.”

मावशीने मला पुसून पिशवीत घातलं. माझ्या फटीत अडकलेली साखर या घरी मोठा गुन्हा ठरणार होती. आईने येताक्षणी टाचणीने ती कोरून काढली. तास लागला तिला. मला इतकं लक्ष देऊन याआधी कोणी हात लावला नव्हता.

पाच दिवस ठमी दवाखान्यात राहिली, तिथे सुरुवात झाली आणि मग घरचं काम आईच्या आणि माझ्या गळ्यात पडलं. दिवसातून चार वेळा. डब्यातली पावडर, तेल, पाणी. आहाराचा कागद फ्रिजवर चिकटवलेला होता आणि त्यात तेलापुढे लिहिलं होतं, अकरा ग्रॅम. आईची पद्धत ठरलेली. प्रत्येक गोष्टीला वेगळी वाटी. तेल सरळ ग्लासात ओतताना चुकून जास्त पडलं तर परत कसं काढणार? म्हणून आधी छोट्या वाटीत, थेंबाथेंबाने, अकरा होईपर्यंत. मग ती वाटी ग्लासात उपडी करायची, ढवळायचं, मोठ्या पिचकारीत भरायचं, पिचकारी उंच धरायची आणि जेवण हळूहळू नळीतून खाली सोडायचं. वाटी लगेच साबणाने घासून पालथी. ओट्यावर एक डाग दिसायचा नाही.

“काय साहेब, झाले का अकरा?” ती मला विचारायची. मला साहेब म्हणणारी जगात ती एकटीच.

साहेब म्हणायला दुसरं कोणी नव्हतंही म्हणा. ठमीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत लटकलेले. आई पूर्वी ग्रंथालयात कामाला होती, ते सुटलं होतं. शेजारी आधी यायचे. ठमीला यायचा तसा झटका एकदा पाहिला की माणसं चपला घालायची घाई करतात, हे मी ओट्यावरून बघितलंय. पुढे नुसतं जिन्यातून “बरं आहे ना?” असं विचारून उत्तर यायच्या आत खाली उतरायचे. म्हणून आई माझ्याशी बोलायची. मी फक्त आकड्यांत उत्तर द्यायचो. तिला तेवढं पुरायचं की नाही, मला कधी कळलं नाही.

ठमीच्या वाढदिवसाला मावशी केक घेऊन आली. आणल्यावर तिच्या लक्षात आलं. ती ओशाळली आणि पाच मिनिटांत काम काढून निघून गेली. आईने स्वयंपाकघरात उभ्याने एक तुकडा कापला आणि सवयीने तो माझ्यावर ठेवला. ब्याऐंशी ग्रॅम आणि वर चार दशांश. आकड्याकडे बघत राहिली. मग तो तिथेच सोडून ठमीच्या खोलीत गेली. मी तीन मिनिटं वाट पाहिली आणि डोळे मिटले. इतकं एकटं मला फ्रिजवरही वाटलं नव्हतं.

दोन महिने झाले. झटक्यांची एक वही होती, प्रत्येक झटक्याला एक रेघ. वीसच्या अठरा झाल्या होत्या. रोज बोटाला टोचून कीटोन बघायचे. ते चारच्या आसपास हवे होते आणि यायचे दोन, फार तर सव्वादोन. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई फोनवर एकेक विचारायच्या. टूथपेस्ट कुठली? खोकल्याचं औषध गोड आहे का? आईची उत्तरं चोख असायची.

एका रविवारी बाबांनी वही चाळली आणि ओट्यावर ठेवली. “तीन महिने म्हणाले होते. पंचवीस दिवस उरलेत. मग आपण बंद करायचं.”

“अजून थोडं बघू या ना.”

“काय बघायचं? रोज टोचतेस तिला. स्वतःकडे बघ जरा. घराबाहेर कधी पडलीस शेवटची?”

“मी कुठे चुकतेय का, तेवढं बघू दे मला.”

“तू चुकत नाहीयेस गं. तेच तर म्हणतोय. तू चुकत नाहीयेस आणि तरी होत नाहीये. मग आपल्या पोरीला नाही लागू पडत ते. सोडून दे.”

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर ती वाटी घासायला वळली. मला मात्र ओरडून सांगावंसं वाटत होतं. काय सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी माझ्यापासून लपलेलं आहे असं रोज वाटायचं. मला भरलेली वाटी दिसायची. रिकामी वाटी माझ्याकडे कधी परतच यायची नाही. ती थेट नळाखाली जायची.

पुढच्या भेटीत आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, “येताना सगळं सामान घेऊन या. घरी करता अगदी तसं माझ्यासमोर करा.” म्हणून मी प्रथमच या घरातून बाहेर पडलो. बाईंचं टेबल, मागे धुण्याचं बेसिन, ठमी खुर्चीत, बाबा कामाच्या कपड्यांतच भिंतीला टेकून उभे. आईने माझ्यावर वाटी ठेवली, मला शून्य केलं आणि तेल ओतलं. अकरा. बाईंनी मान डोलावली. आईने वाटी ग्लासात उपडी केली, झटकली आणि बेसिनकडे वळली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “धुऊ नका. ती वाटी परत ठेवा काट्यावर.”

“ही रिकामी आहे.”

“ठेवा तर खरी.”

वाटी माझ्यावर आली. खरोखर रिकामी असती तर मी शून्य म्हणालो असतो. मी एक ग्रॅम आणि वर नऊ दशांश म्हणालो.

मग बाईंनी ग्लास तपासायला लावला, पिचकारीही. सगळीकडे तेलाचा पातळ थर. सगळं मिळून जवळजवळ तीन ग्रॅम. अकरातले आठ ठमीच्या पोटात जात होते, उरलेले तीन आई दिवसातून चार वेळा साबणाने धुऊन टाकत होती.

आई वाटीकडे बघत म्हणाली, “म्हणजे दोन महिने मी तिला अर्धवट देत होते.”

“अहो, तुम्ही काळजी कमी नाही घेतलीत, जास्त घेतलीत,” बाई म्हणाल्या. “एवढ्या वाट्या कोणी करत नाही. सरळ ग्लासात मोजा. जास्त पडलं तर चमच्याने काढा. पाणी कोमट घ्या, आणि त्यातलंच थोडं राखून ग्लास, पिचकारी विसळून तेही नळीतून जाऊ द्या.”

“आणि बंद करायची तारीख?” आईने विचारलं. ती बाबांकडे बघत होती.

बाबा माझ्याकडे बघत होते. लिफ्टचा माणूस, वजनाशी खेळणं रोजचंच. “आजपासून पुन्हा तीन महिने,” ते म्हणाले. “आत्ता कुठे सुरू झालं ते.”

चौथ्या आठवड्यात कीटोन चारला पोचले. वहीतल्या रेघा बारा झाल्या, मग नऊ, मग सहा. सगळे झटके गेले असं मी म्हणणार नाही. मी खोटं बोलत नाही. पण सहा.

आणि मग ती सकाळ आली. आता आई ठमीला ओट्यापाशी घेऊन बसायची. त्या दिवशी खुर्ची जवळ होती आणि ठमीचा हात घसरून माझ्यावर पडला. एकशे बेचाळीस. पडलेला हात मला ओळखू येतो, त्याचा आकडा जागचा हलत नाही. झटक्यातला हातही मी ओळखायचो, त्यात आकडा थरथरतो. हे दोन्ही नव्हतं. आकडा हळूच चढायला लागला. एकशे साठ. एकशे नव्वद. दोनशे. थांबला. पुन्हा उतरला. पुन्हा चढला.

ती दाबत होती.

आईची पाठ आमच्याकडे होती. मला आवाज नाही. मी नुसते आकडे दाखवत राहिलो, जिवाच्या आकांताने, पुन्हा पुन्हा. आई डबा घ्यायला वळली, हात बाजूला करायला वाकली, आणि तिला आकडा दिसला. ती तशीच वाकलेली राहिली.

“ठमे?” ती म्हणाली. “परत कर बघू.”

वाट पाहावी लागली. बरीच. मग दोनशे चार.

आई ओट्यावर डोकं टेकून रडली. मग तिने बाबांना फोन केला आणि नुसतं “दोनशे चार, दोनशे चार” म्हणत राहिली. बाबांना काही कळेना, कुठली लिफ्ट म्हणून विचारत होते.

त्यानंतर रोज जेवणाआधी तो खेळ ठरला. “साहेबांना वजन दे, मगच जेवण,” आई म्हणायची. ठमी द्यायची. कधी लगेच, कधी दहा मिनिटांनी, एखाद्या दिवशी नाहीच.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी आहार हळूहळू उतरवून बंद केला. झटके फार वाढले नाहीत. कोरे दिवसही असतात वहीत. ठमी अर्धा दिवस एका शाळेत जाते. तिथे तिच्यापुढे एक मोठं बटण असतं, ते दाबलं की यंत्र ‘हो’ म्हणतं. आई पुन्हा ग्रंथालयात जाते. नळीतून द्यायचं जेवण आता तयारच डब्यात येतं, त्यात मोजण्यासारखं काही नसतं. दिवसभर घरात कोणी नसतं, आणि मी ड्रॉवरमध्ये आहे. शेजारी कातरी, दोरा आणि एक तुटकी चावी. आईचा एकटेपणा सुटला आणि बहुतेक माझ्या वाट्याला आला. तक्रार नाही. हेच तर व्हायला हवं होतं. पण वाईट वाटतं, ते खोटं कशाला सांगू?

मला कोणा दुसऱ्याला द्यायचं असेल तर जरूर द्या. कुठल्यातरी ओट्यावर कोणी आई अशीच एकटी वाट्या मांडून बसली असेल. तिला एवढंच सांगा, रिकामी वाटीही एकदा काट्यावर ठेव.

नाहीतर मला इथेच राहू द्या. ड्रॉवरमध्ये ठेवायच्या दिवशी आईने ठमीचा हात शेवटचा माझ्यावर ठेवला होता. ठमीने दाबला, मी सांगितलं, दोनशे सत्तर. तिचा सगळ्यांत मोठा. आकडा पाटीवर असतानाच आईने मागून माझे सेल काढले, ते पाझरू नयेत म्हणून.

तेव्हापासून मला कोणी शून्य केलेलं नाही.