जयवंताबाईंचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, जरा जवळ या. माझा आवाज आता मोठा निघत नाही. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. नागपूरच्या एका कॉलेजात खेळाच्या सामानाची खोली आहे. तिथे हवा गेलेल्या फुटबॉलांच्या शेजारी मी पडून असतो. बटणांत धूळ बसली आहे. मोटार फिरते, पण दम लागल्यासारखी.

एका कारखान्यात रांगेत बसलेल्या मुलींनी माझ्या तारा जोडल्या. तिथून मी नागपूरच्या बर्डी बाजारातल्या एका दुकानात आलो आणि १९७८ साली कॉलेजने मला विकत घेतले. सुरुवातीला सगळे माझ्याभोवती जमत. स्वतःचा आवाज माझ्यातून ऐकून प्राचार्यसुद्धा लाजले होते. कौतुकाचे दिवस म्हणावेत तर तेवढेच.

मग मला जयवंताबाईंनी मागून घेतले. त्या समाजशास्त्र शिकवत. उमरेडकडच्या शेतकरी घरातल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना पीएच.डी. करायची होती. विणकरांच्या वस्तीत ज्या मुली कबड्डी खेळल्या, त्यांचा खेळ पुढे का थांबला, हा त्यांचा विषय. त्यांचे मार्गदर्शक सर म्हणाले, "हा काही विषय झाला का? लग्न होतं, खेळ थांबतो. यात शोधायचं काय?"

 बाईंनी मला पिशवीत घातले, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि महाल भागातल्या गल्ल्यांतून पलीकडच्या वस्तीत निघाल्या.

तिथे घरोघरी हातमाग चालू असत. बाई प्रश्न बायकांना विचारत आणि उत्तरे पुरुष देत. कुठे नवरा, कुठे दीर. वरून मागाचा खटखटाट. घरी आल्यावर बाई मला लावून ऐकत आणि कपाळाला हात लावून बसत. असे महिनोन्महिने चालले. माझे सेल संपत, त्यांचे पाय दुखत, आणि हाती काही लागत नसे.

त्या वस्तीत सखूबाई राहत होती. लग्नाआधी, १९६०च्या सुमारास, मुलींच्या संघात तिची चढाई नावाजलेली होती. आता ती मागाशेजारी बसून विणायच्या धाग्याच्या कांड्या भरत असे.

"सखूबाई, तुम्ही खेळ का सोडला?" बाईंनी विचारले.

"ती काय सांगते, बाई," तिचा नवरा ईश्वरदास मागावरूनच बोलला. "लग्न झालं, लेकरं झाली. संपला खेळ."

सासू रुख्माबाईने माझ्याकडे संशयाने पाहिले. "हे रेडिओवर लावता काय वं बाई?"

"नाही आजी. कॉलेजातच राहील."

पुढच्या खेपेला ईश्वरदासला स्वतःचा आवाज ऐकायची हौस आली. बाईंनी मला लावले. तो हसत हसत ऐकू लागला, मग हळूहळू गप्प झाला.

"हिचा तं एक शब्दबी नाही ह्याच्यात," तो म्हणाला. "मीच बोलून राहिलो, नाहीतर माग बोलून राहिला."

त्याने माग थांबवला, पायात चपला घातल्या आणि तो चहाला निघून गेला. मित्रांनो, विणकराने भर दुपारी माग थांबवणे ही लहान गोष्ट नसते.

घर एकदम शांत झाले. सखूबाई हातातल्या कांडीकडे पाहत बोलू लागली.

"मले कोणी खेळू नको म्हटलं नाही, बाई. कोणी इचारलंच नाही. लग्नाच्या सामानात माहा खेळाचा ड्रेस होता. सासूबाईनं त्याचं पोतेरं केलं. रागानं नाही. कपडा चांगला होता, म्हणून. मी त्यानंच घर सारवत होती."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "अजून नळावरून पाणी आणते तं एका दमात आणते. मनातल्या मनात कबड्डी कबड्डी म्हणत. पाहाते, दम किती राहिला."

 मी फिरत राहिलो.

"पण माहं नाव नका घालू," ती घाईने म्हणाली. "गोपिकेची, माह्या पोरीची, सोयरीक जमवून राहिलो. आई चड्डी घालून खेळे, असं समजलं तं पोराकडचे परत जातीन."

बाईंनी शब्द पाळला. १९८३ साली प्रबंध मान्य झाला. सखूबाईचे बोलणे त्यात जसेच्या तसे होते आणि खाली छापले होते, 'एक माजी खेळाडू'. मार्गदर्शक सरांनी ते पान दोनदा वाचले आणि चष्मा पुसला.

बाईंनी प्रबंध सखूबाईला वाचून दाखवला. तिने सगळे ऐकून घेतले.

"ह्याच्यात माहं नाव काहून नाही?"

"तुम्हीच नको म्हणाला होतात."

"हो वं. तवा भेव होतं." गोपिका एव्हाना सासरी नांदत होती. "मागच्या साली लकडगंजात टीव्हीच्या दुकानापुढं गर्दी होती. दिल्लीच्या एशियाडमंधी पोरी पळून राहिल्या होत्या. माणसं टाळ्या वाजवून राहिले होते. बाजूचा म्हणे, पाहा, कशी पळते! मले वाटलं, त्याले सांगावं, मीबी..." तिने पदराने तोंड पुसले. "आता लिहा नाव."

पण प्रबंधाची बांधणी झाली होती, प्रती विद्यापीठात गेल्या होत्या. बाईंनी मान खाली घातली. मग मला पिशवीतून काढले, सखूबाईचीच कॅसेट माझ्यात घातली आणि शेवटी जिथे फीत कोरी होती तिथपर्यंत नेली.

"बोला."

"मी सखूबाई," ती पुटपुटली.

"मोठ्यानं सांग वं!" आतून रुख्माबाई ओरडली. "त्याले ऐकू नाही गेलं तं?"

मग ती मोठ्याने बोलली. "मी सखूबाई. बळीरामची पोरगी, ईश्वरदासची बायको. चढाई करत होती."

पुढे जयवंताबाईंची बदली अमरावतीला झाली. मी आणि कॅसेटी कॉलेजच्या मालकीच्या, म्हणून इथेच राहिलो. दरवर्षी स्नेहसंमेलन आले की मुले मला बाहेर काढतात. नवी कॅसेट कोण आणणार? जुनीवरच सिनेमाची गाणी भरतात. लाल बटण दाबले की माझ्यातले आधीचे पुसले जाते. मला नाही म्हणता येत नाही. एकेक करून त्या वस्तीतल्या सगळ्या बायका माझ्यातून गेल्या.

गेल्या हिवाळ्यात सखूबाईच्या कॅसेटची पाळी आली. पोतेरे गेले, नळावरचे पाणी गेले, एका दमातली कबड्डी गेली. गाणे भरत भरत फितीच्या टोकाकडे आले आणि लाईन गेली. मुले कंटाळून मला तसेच टाकून निघून गेली.

आता त्या कॅसेटवर गाणे मध्येच तुटते, मग एक म्हातारी ओरडते आणि सखूबाई आपले नाव सांगते.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिचे बोलणे आहे, तिथे नाव नाही. माझ्याजवळ नाव आहे, बोलणे नाही. मी फार थकलो आहे, मित्रांनो. पुढच्या संमेलनात ती फीतही भरेल. म्हणून मागतो ते एवढेच. लाल बटण दाबण्याआधी एकदा ऐकून पाहा. आणि तुमच्यापैकी कोणी त्या ग्रंथालयात जाणार असेल, तर हे नाव त्या पानापर्यंत पोहोचवा.