चौदा पावलं

बदरोद्दीन घरी आला की कमरुन्निसाला तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. बँडची हातगाडी एकदा त्याच्या डाव्या पायावरून गेली होती. तेव्हापासून उजवा बूट ठक वाजायचा आणि डावा मागून सर्र ओढत यायचा. जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत दिवसभर रिक्षांचा गोंगाट, पण ठक-सर्र तिच्या कानाला बरोबर सापडायचं. आज दुपारी ते ऐकलं आणि तिने हातातला मोबाइल घाईघाईने उशीखाली सारला.

चोरी कसली, पोटच्या पोराचं वाजवणं होतं. तन्वीर पुण्यात एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. हा बँड वरातीतला नव्हे. मदीहा, त्यांची अंबडला दिलेली लेक, म्हणाली होती की याला जॅझ फ्यूजन म्हणतात, लोक तिकिटं काढून ऐकतात आणि येरागबाळ्याचं ते काम नाही. त्यांच्या एका कार्यक्रमाचं, लोकांसमोर वाजवतानाच केलेलं रेकॉर्डिंग निघालं होतं. ते मदीहाने पाठवलं आणि मागोमाग तन्वीरचा फोन आला. या घरातलं बोलणं दख्खनी, आपण आपलं मराठीत ऐकू.

"अम्मी, अब्बांना एकदा ऐकव," तो म्हणाला. "काय म्हंतेत ते मला सांग. मंग ईदला यायचं का न्हाई ते ठरवतो."

चार वर्षं बापलेकांत शब्द नव्हता. त्याचं असं झालं. बदरोद्दीन वरातीच्या बँडचा मास्तर, आणि त्याच्या बँडची एक रीत होती. वाटेत मयतीचं घर आलं की मास्तरने हात वर करायचा आणि अख्ख्या बँडने गप्प व्हायचं. चौदा पावलं मुकाट चालायचं, गाणं मात्र ज्याने त्याने मनात चालू ठेवायचं. हात खाली आला की सगळ्यांनी एकदम उचलायचं, तेही जिथं थांबलो तिथून नाही, मनातलं गाणं जिथं पोचलं असेल तिथून. अंबडच्या एका वरातीत तन्वीर डोळे मिटून असा रंगला की वर गेलेला हात त्याला दिसलाच नाही. त्या घरात सकाळीच म्हातारी गेलेली, दारात बायका रडताहेत आणि आमचे चिरंजीव ताना घेताहेत. बदरोद्दीनने भर रस्त्यात त्याच्या तोंडातून क्लॅरिनेट काढून घेतली.

"बोटं हायेत तुला, कान न्हाईत," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पोरगं पुण्याच्या बसमध्ये बसलं. दोघंही एकाच मातीचे, कोण आधी वाकणार?

कमरुन्निसाने ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग वीसेक वेळा तरी ऐकलं होतं. कळत काही नव्हतं. ही पोरं एवढ्या घाईने वाजवतात, यांची कुठली गाडी सुटतेय असं तिला वाटायचं. पण त्या गर्दीतली क्लॅरिनेट आपली आहे हे कळायचं आणि तेवढ्याने तिचं पोट भरायचं. एकच काटा सलत होता. सातव्या मिनिटाला आवाज साफ जायचा आणि मग मध्येच कुठून तरी पुन्हा सुरू व्हायचा. मोबाइल बिघडला म्हणून ती बबलूच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. त्याने उलटसुलट करून पाहिला.

"मामी, मोबाइल एकदम बराबर हाय," तो म्हणाला. "गाणंच असं भरलंय."

म्हणजे पोरगं भर सभेत विसरलं, असं तिने ठरवून टाकलं. घरची बायको वरातीमागे कधी चालत नाही. बँडची रीत तिने फक्त ऐकली होती, पाहिली कधीच नव्हती. आता हे बापाच्या कानावर पडलं की संपलंच, या धास्तीने तिने चार दिवस काढले. शेवटी तिला एक युक्ती सुचली. सात मिनिटं व्हायच्या आत बंद करायचं.

जेवण झाल्यावर तिने विषय काढला. बदरोद्दीनने उठून कोपऱ्यातला बँडचा स्पीकर पुढे ओढला आणि त्याला मोबाइल जोडला. ताशाशेजारी जन्म गेला होता, त्याला बारीक आवाज ऐकू येत नसे.

तो भिंतीला टेकून ऐकत बसला. एकदा भुवई हलली, एकदा बोटं मांडीवर चालली. सातवं मिनिट आलं तशी कमरुन्निसाने हात लांबवून बंद केलं.

"बोटं चालून राह्यली," तो म्हणाला. "पह्यलेबी चालायची."

"बस, एवढंच हाय."

त्याने मोबाइल उचलून डोळ्यांजवळ नेला. "चार मिनिटं बाकी दिसून राह्यलीत."

त्याने बटण दाबलं. थोडं वाजलं आणि सगळं थांबलं. लांब कुठंतरी दोन-चार लोकांनी संपलं समजून टाळ्या वाजवल्या, त्याही विरल्या. मग मोबाइलवर तिला कधीच ऐकू न आलेलं त्या मोठ्या स्पीकरमधून ऐकू आलं, लाकडी फळ्यांवरून कुणीतरी चालत होतं. ठक, सर्र. ठक, सर्र.

कमरुन्निसाने नकळत दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. बदरोद्दीन तर समोरच बसला होता आणि त्याचा हात वर गेला होता, वरातीत जायचा तसा. डोळे मिटलेले. ठक, सर्र. ओठ मोजत होते. चौदाव्या पावलाला त्याने हात खाली घेतला आणि त्याच क्षणी पुण्याचा तो सगळा बँड एकदम, गाण्याच्या एकाच जागेवरून, वाजत उठला.

संपेपर्यंत कुणी हललं नाही. बदरोद्दीनच्या गालावरून पाणी ओघळून दाढीत गेलं. त्याने ते पुसलंही नाही.

"मी एवढा पाय न्हाई ओढत," तो म्हणाला.

"ओढता."

"त्याला सांग, अब्बा म्हंतेत..." तो अडला. "न्हाई, थांब. लाव फोन. मीच बोलतो."

तिने नंबर लावून मोबाइल त्याच्या हातात दिला. पलीकडून तन्वीर "हां अम्मी" म्हणाला. बदरोद्दीनने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. फक्त त्याचा श्वास जात होता. पलीकडच्याला कोण आहे ते कळलं असावं, कारण तोही गप्प झाला.

एरवी कमरुन्निसाने मोबाइल हिसकून घेतला असता आणि दोघांच्या वतीने स्वतःच बोलली असती. आज तिने बोटांवर मोजायला घेतलं. घाई करायची नव्हती, दोघंही मनात चालत असणार.

ती अकरावर आली तेव्हा बदरोद्दीनने घसा साफ केला.

"कोणत्या बसनं येतो?" त्याने विचारलं. "मी येतो स्टँडवर."